घरात केमोथेरपीचा रुग्ण असताना पाळीव कासवे ठेवावीत का?

अबोली, प्रतापनगर

सर्व जाणकारांना नमस्कार. माझ्या सासूबाईंना लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) झाल्याचे निदान झाले असून त्यांची केमोथेरपी सुरू आहे. त्यासोबत त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत आणि ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पँटोप्राझोल आहे. आमच्या घरी तीन कासवे आहेत. त्यांपैकी दोन माझ्या मुलाची, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली पाण्यातली लहान कासवे असून ती इथल्या, नागपुरातल्या बर्डीवरच्या एका मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली आहेत. तिसरे जमिनीवरचे आहे, त्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी आहे आणि घरात कासव असणे शुभ असते म्हणून ते दीरांनी आणून दिले होते.

केमोथेरपीच्या मागच्या सायकलच्या (फेरीच्या) वेळी रुग्णालयाच्या डे-केअरमधील परिचारिकेने घरात कोणते प्राणी आहेत असे विचारले आणि कासवांचे नाव ऐकताच डॉक्टरांना सांगण्याचा आग्रह धरला. डॉक्टरांनी ‘रुग्णापासून लांब ठेवा’ असे सांगितले, परंतु बाहेर रुग्णांची रांग मोठी होती आणि लांब म्हणजे किती, हे विचारायचे राहून गेले. सासूबाई कासवांना हातही लावत नाहीत. टब मुलाच्या खोलीत असतो, तो न्हाणीघरात धुतला जातो आणि उन्हाळ्यात पाणी वाया जाऊ नये म्हणून टबातले पाणी आम्ही गच्चीवरच्या कुंड्यांना घालतो. कासवांची विष्ठा तपासून घेतली आणि त्यात काही निघाले नाही, तर त्यांना घरात ठेवता येईल का? त्यांना औषध देऊन जंतुमुक्त करता येते का? मुलाचा त्यांच्यावर फार जीव आहे, त्यामुळे पूर्ण माहिती घेऊनच निर्णय घ्यावा असे वाटते.


सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

अबोलीताई, आपण विचारलेत हे फार बरे केले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. उपचार सुरू असेपर्यंत आणि त्यानंतर आपले डॉक्टर परवानगी देईपर्यंत ही कासवे सासूबाई राहतात त्या घरात नसावीत. दुसऱ्या खोलीत ठेवणे पुरेसे नाही. याची कारणे सविस्तर लिहितो, कारण ती पटली नाहीत तर घरात असा निर्णय टिकत नाही.

कासव, सरडा, इग्वाना, साप अशा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू सहज वास्तव्य करून असतात. त्या प्राण्याला त्यांचा काहीही त्रास होत नाही. तो खातो, पोहतो, तजेलदार दिसतो आणि तरीही त्याच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात. पाण्यातल्या कासवाच्या बाबतीत ही विष्ठा त्याच पाण्यात मिसळते, म्हणून त्याची पाठ, पाय, टबाच्या कडा, आतले दगड आणि पाणी बदलणाऱ्याचे हात या सर्वांवर जिवाणू असू शकतात. तपासणीबद्दल आपण विचारले आहे. हे जिवाणू विष्ठेतून रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत; काही दिवस पडतात, काही दिवस पडत नाहीत. त्यामुळे एखाद्या नमुन्यात जिवाणू आढळले नाहीत याचा अर्थ फक्त त्या नमुन्यात ते सापडले नाहीत एवढाच होतो. असा अहवाल हातात आला की घरातले लोक निर्धास्त होतात, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

प्रतिजैविके देऊन कासवाला जंतुमुक्त करण्याचा मार्गही नाही. औषधाने जिवाणूंचे प्रमाण काही काळ कमी होते, पण ते पूर्णपणे जात नाहीत आणि जे उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे असण्याची शक्यता वाढते. उद्या तेच जिवाणू माणसात शिरले, तर उपचारासाठी हाताशी असलेली औषधे कमी झालेली असतात.

आता सासूबाई कासवांना हात लावत नाहीत, या मुद्द्याकडे येतो. या संसर्गात प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. ज्या तान्ह्या बाळांनी घरातला प्राणी कधी जवळून पाहिलाही नव्हता, त्यांना हा संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. तो त्यांच्यापर्यंत मोठ्यांच्या हातांवरून, कपड्यांवरून आणि धुण्याच्या जागेवरून पोहोचला. आपल्या घरात टब न्हाणीघरात धुतला जातो. तिथेच सासूबाईंची बादली आणि मग असणार, त्याच नळाला सगळ्यांचे हात लागणार. गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये कोथिंबीर किंवा पुदिना असेल, तर टबाचे पाणी त्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर पडते. हे पाणी आजच्या आज बंद करा आणि त्या कुंड्यांमधली कोथिंबीर सासूबाईंच्या ताटात वाढू नका. पाणी वाचवण्याची आपली सवय चांगली आहे, पण हे पाणी संडासात टाकण्याचेच आहे.

निरोगी माणसाला या संसर्गाने साधारण 6 तास ते 6 दिवसांत ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना 4 ते 7 दिवसांत आराम पडतो. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. आतड्यात येणाऱ्या या जिवाणूंना तिथेच अडवण्याचे काम ज्या पेशी करतात, त्याच पेशी केमोथेरपी आणि स्टेरॉइडमुळे दुबळ्या झालेल्या असतात. मग जिवाणू रक्तात शिरतात आणि तिथून हाडे, सांधे, मेंदूची आवरणे किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंती इथपर्यंत जाऊ शकतात. पँटोप्राझोलचा उल्लेख आपण केलात तोही महत्त्वाचा आहे. जठरातले आम्ल हा अशा जिवाणूंविरुद्धचा पहिला अडसर असतो आणि ही गोळी ते आम्लच कमी करते. अर्थात ती गोळी स्वतःहून बंद करू नका. तिची गरज किती आहे हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

अमेरिकेत 1975 साली 4 इंचांपेक्षा (सुमारे 10 सेंटीमीटर) लहान पाठीची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आली, ती याच कारणाने. लहान मुले ती हाताळत, तोंडाजवळ नेत आणि आजारी पडत. तिथल्या आरोग्य यंत्रणा आजही 5 वर्षांखालील मुले, 65 वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या घरी सरपटणारे प्राणी ठेवू नयेत असे सांगतात. आपल्या मत्स्यालयाच्या दुकानांतून रुपयाच्या नाण्याहून थोडीच मोठी कासवे प्लॅस्टिकच्या डबीत घालून मुलांच्या हाती दिली जातात आणि त्यासोबत एका शब्दाची सूचना नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.


पशुवैद्य, सदर

वरच्या प्रतिसादातील वैद्यकीय भागाशी मी सहमत आहे आणि या घरापुरता निष्कर्षही तोच राहील. मात्र हे वाचून ज्यांच्या घरी कोणीही रुग्ण नाही अशा लोकांनी घाबरून प्राणी रस्त्यावर किंवा तलावात सोडू नयेत, म्हणून दोन गोष्टी लिहितो. घरात निरोगी प्रौढ आणि जाणत्या वयाची मुले असतील, तर स्वयंपाकघरापासून वेगळी जागा, स्वतंत्र बादली, स्वतंत्र ब्रश आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे एवढ्या शिस्तीवर कासव पाळता येते. धोका शून्यावर येत नाही, परंतु तो आटोक्यात राहतो.

रुग्ण असलेल्या घरात मात्र अशा शिस्तीवर विसंबू नये असे मलाही वाटते. त्याचे कारण व्यवहारातले आहे. अशा घरात सगळेच थकलेले असतात, दवाखान्याच्या फेऱ्या चालू असतात आणि एखाद्या दिवशी टब कोणी, कुठे आणि कसा धुतला याकडे कोणाचेही लक्ष राहत नाही.

अबोलीताई, आपण लिहिलेली पाण्यातली दोन कासवे लाल कानांची, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर जातीची असावीत. ही मूळची अमेरिकेतली जात आहे. आज ती तळहातावर मावत असली तरी मादी एक फुटाच्या जवळपास वाढू शकते आणि चांगली निगा राखली तर 20 ते 30 वर्षे जगते. केमोथेरपी काही महिन्यांत संपेल, कासवे त्यानंतरही बराच काळ राहणार आहेत. म्हणून त्यांना तात्पुरते दुसऱ्या घरी हलवणे हा मुलासाठीही सुसह्य मार्ग आहे. ज्या घरी द्याल तिथे 5 वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा दीर्घ आजाराचा रुग्ण नाही याची आधी खात्री करून घ्या. नाहीतर आपल्या घरची काळजी आपण दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली असे होईल. फुटाळा, अंबाझरी किंवा गांधीसागर तलावात त्यांना कृपया सोडू नका. स्लायडर कासवे जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींमध्ये गणली जातात आणि स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा ती बळकावतात.

आणखी एक. इथे साप किंवा मोठे सरडे पाळणारे सदस्य असतील तर त्यांनी लक्षात घ्यावे की खाद्य म्हणून मिळणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमध्येही साल्मोनेला असू शकतो आणि गोठवल्याने तो मरत नाही. असे खाद्य घरच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवणे हा धोका कासवाच्या टबापेक्षा कमी नाही.


सर्पमित्र, हिंगणा रोड

तिसऱ्या कासवाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पाठीवर पिवळी ताऱ्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे कासव म्हणजे बहुधा तारा कासव, म्हणजेच इंडियन स्टार टॉर्टॉइज. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि त्यानुसार हे कासव अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीतही त्याचा समावेश झाला. ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते भेट म्हणून आलेले असो वा शुभ म्हणून. त्यामुळे ते नातेवाइकांकडे हलवण्याचा विचारही करू नका, कारण तो गुन्हा त्यांच्या घरी जाईल.

आपण स्वतःहून वन विभागाला कळवावे असे मी आपणास आग्रहाने सांगेन. वन विभागाचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक आहे आणि सेमिनरी हिल्स येथे विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जिथे असे वन्यजीव तपासणी व उपचारांसाठी घेतले जातात. गोरेवाड्याच्या जंगलात नेऊन सोडणे मात्र टाळा. हे कासव दक्षिण भारतातल्या आणि वायव्येकडच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशातले आहे, आपल्याकडचे नाही. शिवाय माणसांच्या घरात राहिलेला प्राणी तपासणीशिवाय जंगलात सोडला, तर त्याच्यासोबतचे रोग तिथल्या प्राण्यांपर्यंत जाऊ शकतात.


एक पालक, उत्तर नागपूर

या चर्चेत एक गोष्ट नोंदवणे मला गरजेचे वाटते, कारण ती आपल्या विदर्भात फार लोकांना लागू होते. माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा लहानपणापासूनच हळूहळू निकामी होत जाते आणि साल्मोनेला त्यांच्या हाडांमध्ये जाऊन बसतो. या रुग्णांच्या हाडांतील जंतुसंसर्गात साल्मोनेला हे प्रमुख कारण असते, असे आम्हाला डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. अडचण अशी की सिकलसेलमध्ये हाडे तशीही दुखतात. त्यामुळे ताप आणि हातापायाचे दुखणे हे नेहमीचे क्रायसिस (सिकलसेलमधला वेदनेचा झटका) आहे असे समजून घरचे लोक वेदनाशामक देऊन वाट पाहतात आणि आत संसर्ग वाढत राहतो.

आमच्या वस्तीत अनेक घरांत सिकलसेलचे रुग्ण आहेत आणि मुलांना खेळायला म्हणून कासव आणण्याची पद्धतही वाढते आहे. कर्करोगाचा रुग्ण घरी असला की सगळे सावध होतात, परंतु शाळेत जाणारी, हसरी, वरवर ठणठणीत दिसणारी सिकलसेलची मुलगी ही कमी प्रतिकारशक्तीची रुग्ण आहे हे जवळच्या नातेवाइकांनाही सुचत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, एचआयव्ही असलेले, संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, हे सगळे त्याच रांगेत येतात. कृपया आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर हे सांगा.


अबोली, प्रतापनगर

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, मनापासून आभारी आहे. कुंड्यांना पाणी घालणे बंद केले आहे आणि कोथिंबीर उपटून टाकली. तारा कासवाबद्दल वाचून घरात सगळेच हादरले. दीर स्वतः 1926 वर बोलले असून वन विभागाचे कर्मचारी येणार आहेत. लाल कानांची कासवे माझ्या भावाकडे मानेवाड्याला जातील, त्याच्याकडे घरात दोघेच प्रौढ आहेत.

माझे आणखी तीन प्रश्न आहेत. पहिला असा की आमच्या स्वयंपाकघरात पाली पुष्कळ आहेत. त्याही सरपटणारे प्राणीच, मग त्यांचे काय करावे? दुसरा, सासूबाईंनी टायफॉइडची लस घेतली तर काही संरक्षण मिळेल का? शेजारच्या काकू म्हणतात की साल्मोनेला म्हणजे टायफॉइडच. तिसरा, ताप आला तर कोणती तपासणी करून घ्यावी?


सूक्ष्मजीवशास्त्र, धंतोली

पालीचा प्रश्न योग्य आहे. घरातल्या पालींच्या विष्ठेतही साल्मोनेला आढळतो. पाळीव कासव आपण हाताळतो, त्याचे पाणी बदलतो, म्हणून त्याच्याशी येणारा संबंध पालीपेक्षा फार जास्त असतो, पण पाल ओट्यावरून आणि उघड्या भांड्यांवरून फिरते हेही खरे आहे. शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी आणि पोळ्यांचा डबा कायम झाकलेला असावा, ताटे-वाट्या उपड्या ठेवाव्यात आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी ओटा साबणाच्या पाण्याने पुसावा. पालीची लेंडी दिसली तर ती झाडूने पसरवू नका, ओल्या कागदाने उचला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या अन्नात हे जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यांना 35 ते 37 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत मानवते; म्हणून सासूबाईंना सकाळचे वरण-भात संध्याकाळी देऊ नका.

काकूंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेलाच्याच कुळातला, परंतु तो फक्त माणसात राहतो आणि माणसाकडूनच पसरतो. कासवांकडून येणारे प्रकार वेगळे असतात आणि टायफॉइडची लस त्यांच्यापासून संरक्षण देत नाही. शिवाय केमोथेरपी चालू असताना कोणतीही लस कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तोंडावाटे दिली जाणारी टायफॉइडची लस तर जिवंत जिवाणूंची असते आणि ती अशा रुग्णांना देत नाहीत.

तापाबद्दल मात्र अतिशय गांभीर्याने लिहितो. केमोथेरपीच्या रुग्णाला 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रुग्णालयात जायचे. गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. प्रत्येक सायकलनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, त्या काळात थर्मामीटर उशाशी असू द्या. आपल्याकडे ताप आला की विडाल तपासणी करून घेण्याची सवय आहे. ती तपासणी टायफॉइड व पॅराटायफॉइडसाठी आहे, तीही फारशी भरवशाची नाही, आणि या संसर्गात तिचा निकाल दिशाभूल करू शकतो. इथे रक्ताचे कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) हवे, जुलाब असतील तर शौचाचेही, आणि शक्य असेल तिथे प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी नमुना घेतलेला हवा. घरी कासवे होती हे डॉक्टरांना आपण स्वतःहून सांगा, ती हलवली असली तरीही. ताप आणि जुलाब एकत्र असताना जुलाब थांबवणारी गोळी औषधाच्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका.


अबोली, प्रतापनगर

सर्व लिहून घेतले आहे. एक शेवटचे विचारते : कासवे गेल्यानंतर खोली आणि न्हाणीघर कसे स्वच्छ करावे? आणि मुलगा मामाकडे जाऊन त्यांना भेटू शकेल का?


पशुवैद्य, सदर

कासवे गेली तरी जिवाणू लगेच जात नाहीत. ते कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक आठवडे टिकू शकतात, म्हणून साफसफाई नीट व्हायला हवी. ती सासूबाईंनी करू नये आणि त्या वेळी त्यांनी त्या भागात थांबू नये. टब, दगड, ब्रश हे सर्व कासवांसोबतच जाऊ द्या. फरशी, न्हाणीघर आणि नळ आधी साबणाच्या पाण्याने घासून घ्या, कारण घाण तशीच असेल तर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. त्यानंतर घरगुती ब्लीच, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून, पसरवा, दहा मिनिटे राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. न्हाणीघरासाठी आपण वापरतो ते ॲसिड त्यात मुळीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. काम करताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि पुसण्याची फडकी नंतर टाकून द्या. सासूबाईंची बादली व मग नवीन घेतलेले बरे.

मुलाला भेटू द्या, त्याला तोडू नका. भेटून झाल्यावर मामाच्याच घरी त्याने साबणाने, बोटांच्या मध्ये आणि नखांखाली, किमान 20 सेकंद हात धुवावेत, कासवाला तोंडाजवळ नेऊ नये आणि तिथे काही खायचे असेल तर ते हात धुतल्यानंतर. घरी आल्यावर कपडे बदलावेत, पुन्हा हात धुवावेत आणि मगच आजीजवळ जावे. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या ज्या आठवड्याचा उल्लेख वर आला आहे, त्या आठवड्यात भेट टाळून मामाने व्हिडिओ कॉलवर कासवे दाखवावीत.

मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांमध्ये उपचार घेणाऱ्या कोणाला अशीच शंका असेल तर त्यांनी याच धाग्यावर विचारावे, मी आणि वरचे डॉक्टर दोघेही उत्तर देऊ.